युरोपातून अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलकडे : विमानात बसण्याआधीच सुरू होणारे घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्यूनिकजवळ गेली नऊ वर्षे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगी जर्मनीतील मुलींच्या कनिष्ठ बुंडेसलीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएलमध्ये, खेळते. तिचे वय 17 असून उंची 185 सेंटिमीटर आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिची आबिटूरची, म्हणजे जर्मनीतील शालान्त, परीक्षा आहे. अमेरिकेतील एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातील, विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेने तिला पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची तयारी मेलने कळवली आहे आणि त्याच सुमारास तिच्या क्लबने वरिष्ठ संघासाठी एक छोटासा करार पुढे केला आहे. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत. क्लबच्या करारावर सही करावी का, आबिटूरनंतर एक वर्ष जर्मनीतच खेळून मग अमेरिकेला गेले तर चालेल का, आणि कॉलेजला गेल्याने पुढचा व्यावसायिक मार्ग बंद तर होणार नाही ना.

मी अठरा वर्षे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे, म्हणजे ज्याला तिकडे सर्वजण कंप्लायन्स म्हणतात ते, काम करते आहे. महिला बास्केटबॉल संघात परदेशातून येणाऱ्या मुलींची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात. या अनुभवातून सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. मुलीचे कॉलेज कारकिर्दीचे घड्याळ ती अमेरिकेत उतरते तेव्हा सुरू होत नाही. ते युरोपात, शाळेत आणि क्लबमध्ये असतानाच सुरू झालेले असते. प्रशिक्षिका खेळ पाहून मुलगी निवडते. पण ती मुलगी खेळू शकेल की नाही हे एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज खेळांचे नियमन करणारी संघटना, ठरवते, आणि एनसीएए कागद आणि तारखा पाहते.

पहिला कागद क्लबच्या कराराचा. जर्मनीत, किंवा स्पेन, फ्रान्स, क्रोएशियातही, सोळा-सतरा वर्षांची चांगली खेळाडू प्रौढ व्यावसायिक खेळाडूंबरोबर एकाच संघात उतरते, आणि त्यात गैर काही नाही. एनसीएएलाही ते ठाऊक आहे, म्हणून व्यावसायिकांच्या संघात खेळणे हाच काही दोष मानला जात नाही. प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. प्रवास, जेवण, राहण्याची सोय, बूट, प्रशिक्षण अशा प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चाइतकी रक्कम क्लबने दिली तर चालते. त्याच्या वर गेली की ती कमाई समजली जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या कागदांत क्लबचा एक पानी करार होता आणि त्यात दरमहा 250 युरो ‘आउफवांड्सएंटशेडिगुंग’ असे लिहिले होते. जर्मनीत हा शब्द खर्चभरपाई म्हणून सर्रास वापरला जातो आणि क्लबच्या मनातही काही वावगे नव्हते. पण ती रक्कम ठोक होती, बिलांवर आधारलेली नव्हती. सुदैवाने मुलीच्या वडिलांनी रेल्वेची तिकिटे बुटांच्या एका खोक्यात जपून ठेवली होती. मी आणि माझी सहकारी दोन दुपारी ती तिकिटे महिन्यावार लावत बसलो. काही तिकिटांवरची शाई इतकी फिकी झाली होती की खिडकीजवळ धरून तारीख वाचावी लागत होती. बहुतेक महिन्यांचा हिशेब जुळला, काही महिन्यांत थोडी रक्कम वर निघाली. ती वरची रक्कम एका धर्मादाय संस्थेला द्यावी लागली आणि मुलीला हंगामातील सुरुवातीचे काही सामने बाकावर बसून काढावे लागले. खोके नसते तर प्रकरण याहून बरेच लांबले असते.

म्हणून सहीचे उत्तर असे की, आज पुढे आलेल्या स्वरूपात सही करू नका. क्लबला सांगा की ठोक मासिक रकमेऐवजी बिलांनुसार खर्च मिळेल असा मजकूर हवा. करार किती काळाचा आहे, तो मोडल्यास भरपाई द्यावी लागते का, आणि मुलीच्या वतीने कोणी एजंट मध्ये आहे का, हेही त्यात स्पष्ट असू द्या. मग तो मसुदा सहीपूर्वी विद्यापीठाच्या कंप्लायन्स कचेरीला पाठवा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या. प्रशिक्षिका फोनवर ‘काही अडचण नाही’ म्हणाली, एवढ्यावर विसंबू नका. ती तसे मनापासूनच म्हणत असेल, पण तो निर्णय तिच्या हातातला नसतो.

आपल्याला कोणी असेही सांगेल की आता हे सगळे नियम सैल झाले आहेत, आणि त्यात तथ्य आहे. फ्रान्समधील बूर्जच्या क्लबकडून खेळलेली अलिसिया तूर्नबीझ 2025-26 च्या हंगामाच्या मध्यात साउथ कॅरोलायनासारख्या बलाढ्य संघात दाखल झाली, आणि दहा वर्षांपूर्वी असे सहजासहजी घडले नसते. परंतु अशा प्रत्येक खेळाडूचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते, आणि मोठ्या विद्यापीठाकडे त्यासाठी जितके मनुष्यबळ असते तितके मध्यम आकाराच्या विद्यापीठाकडे नसते. दुसरीचा दरवाजा उघडला म्हणून आपल्या मुलीने कुलूप न पाहता आत शिरावे, असा सल्ला मी देणार नाही.

खेळाडू मुलींना अमेरिकन कॉलेजात जागा मिळवून देणाऱ्या संस्थांबद्दलही येथेच लिहिते. युरोपात अशा बऱ्याच संस्था आहेत आणि त्यांची ठरावीक फी घेण्यास हरकत नाही. पण शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्या संस्थेशी करार झाला तर त्याने मुलीची पात्रताच धोक्यात येते.

दुसरा प्रश्न एका वर्षाचा. बास्केटबॉलमध्ये शालेय शिक्षण ठरलेल्या वेळी पूर्ण झाल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते. त्या वर्षात क्लबकडून संघटित स्पर्धा खेळल्या तरी काही गमवावे लागत नाही. ते वर्ष उलटून गेल्यावरही खेळत राहिल्यास पुढच्या प्रत्येक वर्षामागे कॉलेजात मिळणाऱ्या चार हंगामांपैकी एक कापला जातो, आणि शिवाय कॉलेजात आल्यावर एक वर्ष न खेळता काढावे लागते. तेव्हा एक वर्ष थांबले तर चालेल, दुसरे चालणार नाही. यात लक्षात ठेवण्याजोगे असे की हे वर्ष मोजले जाते ते शिक्षण पूर्ण व्हायला हवे होते त्या अपेक्षित तारखेपासून. मध्येच एखादी इयत्ता पुन्हा केली असेल, किंवा देश बदलताना मुलीला एक वर्ग खाली बसवले असेल, तर ती तारीख तुम्हाला वाटते तिथे नसते. भारतातून जर्मनीत गेलेल्या मुलांना भाषेसाठी असे वर्ष खाली बसवणे नवीन नाही, म्हणून नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका काढून कोणत्या वर्षी ती कोणत्या वर्गात होती हे आधी मांडून पाहा.

त्याच गुणपत्रिकांवर शैक्षणिक पात्रताही ठरते. डिव्हिजन वनसाठी नववीपासून भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा मुख्य विषयांचे 16 अभ्यासक्रम आणि त्यांत अमेरिकन मोजमापाने किमान 2.3 सरासरी लागते. खेळ, संगीत, चित्रकला यांचे गुण त्यात धरत नाहीत. मूळ जर्मन प्रती आणि अधिकृत इंग्रजी भाषांतर असे दोन्ही पाठवावे लागतात. एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती एनसीएएने 2023 मध्ये काढून टाकली, तरी विद्यापीठाची स्वतःची प्रवेशाची अट वेगळी असू शकते. गिमनाझियममध्ये, म्हणजे आबिटूरपर्यंत नेणाऱ्या शाळेत, नीट शिकणाऱ्या मुलीला हा भाग सहसा जड जात नाही.

आता त्या थांबण्याच्या वर्षात जो सापळा असतो तो सांगते, कारण हुशार आणि काटकसरी घरांतील मुलीच त्यात सापडतात. आबिटूर झाले, अमेरिकेला जायला दहा महिने आहेत, तोवर एखाद्या जर्मन विद्यापीठात नाव घालून ठेवावे म्हणजे विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा आणि प्रवासाचे स्वस्त तिकीट मिळेल, असा विचार घरात होतो. शिक्षण जवळजवळ फुकट असल्याने त्यात कोणाला खोट दिसत नाही. पण पाच वर्षांच्या आत चार हंगाम, या नियमातील पाच वर्षे कोणत्याही देशातील महाविद्यालयात पूर्णवेळ नाव नोंदवून वर्गाला हजर झाल्या दिवसापासून मोजली जातात, आणि शिवाय ती मुलगी नवी विद्यार्थिनी न राहता दुसऱ्या महाविद्यालयातून आलेली ठरते. पूर्णवेळ नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन आले, एवढ्यानेही घड्याळ चालू होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे एक अख्खे वर्ष असे गेले. ते वर्ष तिच्या उपयोगी आले असते, कारण तिसऱ्या वर्षी तिचा गुडघा गेला.

दुखापतीचा विषय निघालाच आहे, तर तो पुरा करते, कारण आई म्हणून आपण तो विचारायला हवा होता असे मला वाटते. बर्लिनमध्ये वाढलेल्या साबाली भगिनींचे उदाहरण पाहा. मोठी सातू ओरेगन विद्यापीठाकडून खेळून 2020 मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने नव्या खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दुसरी निवडली गेली. धाकटी न्यारा त्याच ओरेगनमध्ये आली, पण गुडघ्याच्या दुखापतींमुळे तिचे पहिले दोन्ही हंगाम मैदानाबाहेर गेले. विद्यापीठाने तिला धरून ठेवले, तिने उपचार आणि शिक्षण दोन्ही चालू ठेवले, 2022 मध्ये ती पाचवी निवडली गेली आणि 2024 मध्ये न्यूयॉर्क लिबर्टी या डब्ल्यूएनबीए संघाबरोबर विजेती झाली. युरोपातील मध्यम ताकदीच्या क्लबमध्ये एकोणीस वर्षांच्या, लागोपाठ दोन वर्षे न खेळलेल्या मुलीसाठी कोणी इतके थांबले असते असे मला वाटत नाही. ऑगस्ट 2024 पासून डिव्हिजन वनमधील सर्व विद्यापीठांवर बंधन आहे की खेळामुळे झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च विद्यार्थिनी बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षे त्यांनी करावा, आणि चांगली खेळत नाही म्हणून शिष्यवृत्ती काढून घेऊ नये. कॉलेजच्या मार्गाची खरी किंमत मला येथे दिसते.

आता त्या ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ या शब्दाकडे वळू. पूर्वी महिला बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाला 15 शिष्यवृत्त्या असत आणि प्रत्येक शिष्यवृत्ती पूर्णच असे. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यातील जी तडजोड न्यायालयाने जून 2025 मध्ये मान्य केली, तिच्यानंतर ती पद्धत बदलली. आता तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत संघातील खेळाडूंची संख्या 15 वर थांबवली आहे आणि शिष्यवृत्ती वाटून, अर्धी किंवा पाऊण, देता येते. खेळाडूने सही करायचे जे जुने राष्ट्रीय हमीपत्र होते, तेही ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाले. त्यामुळे मेलमधील आश्वासनाला अर्थसाहाय्याच्या लेखी कराराचे रूप येईपर्यंत त्याला वजन नाही. त्या करारात शिक्षणशुल्क, निवास, जेवण, पुस्तके आणि किरकोळ खर्च यांपैकी काय काय धरले आहे आणि ते किती वर्षांसाठी आहे, ते वाचा. सरकारी विद्यापीठातही बाहेरच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च सहज 50 हजार डॉलरच्या घरात जातो, तेव्हा वीस टक्क्यांची तूटही लहान नसते. परदेशी विद्यार्थिनीच्या बाबतीत निवास आणि जेवणाची रक्कम करपात्र ठरते आणि दोन देशांमधील करविषयक करारात वेगळी सूट नसेल तर त्यावर 14 टक्के कर कापला जातो. सप्टेंबरमध्ये पहिली कापलेली रक्कम पाहून मुली घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे येतात. कोणीही त्यांना हे आधी सांगितलेले नसते.

खेळाडूच्या नावाच्या आणि छबीच्या वापरातून मिळणारा पैसा जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना खुला झाला, आणि तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःही खेळाडूंना वाटा देऊ लागली. 2025-26 साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती, मात्र त्यातील मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. आपल्या मुलीने या पैशावर हिशेब मांडू नये. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थिनीला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते, बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. अमेरिकेच्या भूमीवर उभे राहून एखाद्या दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो काढू देणे हे काम समजले जाऊ शकते. एनसीएएची परवानगी आणि व्हिसाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनसीएएची चूक झाली तर काही सामने जातात, व्हिसाची चूक झाली तर देश सोडावा लागतो. विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत आय-20 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रावर, सही करणारा जो अधिकारी असतो, त्याला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नये, हे मुलीला निघण्यापूर्वी समजावून सांगा. दर सत्राला किमान 12 क्रेडिटचा अभ्यास हीसुद्धा व्हिसाची अट आहे, केवळ खेळाची नव्हे.

खेळाबद्दल मी प्रशिक्षकांइतक्या अधिकाराने बोलू शकत नाही, पण इतकी वर्षे बाजूने पाहिले आहे ते सांगते. चेंडूचा आकार, दहा मिनिटांचे चार भाग, 2021-22 पासून तीन गुणांची रेषा, हे सगळे फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमांसारखेच असल्याने युरोपातील मुलीला मैदान परके वाटत नाही. फरक आहे तो गतीत आणि अंगाला अंग भिडण्यात. चेंडू हाती आल्यावर तो बास्केटकडे टाकण्यासाठी मिळणारे फिबाचे 24 सेकंद येथे 30 होतात, आणि रिंगखालचा रंगवलेला पट्टा युरोपातील 4.9 मीटरऐवजी 12 फुटांचा, म्हणजे बराच अरुंद असतो, त्यामुळे रिंगजवळ गर्दी आणि धक्के अधिक. युरोपात शिकलेल्या मुली पास आणि पायांच्या हालचालीत पुढे असतात. झाग्रेबहून आलेल्या निका म्यूलने कनेक्टिकट विद्यापीठात असिस्टचे, म्हणजे ज्यावर सहकारी गुण करते अशा पासांचे, विक्रम मोडले ते याच शिदोरीवर. पण पहिल्या वर्षी ताकद कमी पडते, आणि नोव्हेंबर ते मार्च तीसच्या आसपास सामने खेळणाऱ्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलीला थोडीच मिनिटे मिळतात.

याच कारणाने मला लहान विद्यापीठातून सुरुवात करणे गैर वाटत नाही. पॅरिस 2024 मध्ये तीन विरुद्ध तीनचे सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन संघातील चौघींपैकी सोन्या ग्रायनाखर गोन्झागात खेळलेली होती, आणि एलिसा मेव्हियस न्यूयॉर्क राज्यातील छोट्या सिएना कॉलेजात भरपूर मिनिटे मिळवून मग ओरेगनला गेली. हंगेरीची दोर्का युहाश ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे काढून कनेक्टिकटला गेली आणि तेथून 2023 च्या ड्राफ्टमध्ये सोळावी निवडली गेली. एप्रिल 2024 पासून शैक्षणिक अटी पाळणाऱ्या खेळाडूला विद्यापीठ बदलल्यावर लगेच खेळता येते. मात्र विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, म्हणजे पोर्टलमध्ये, नाव टाकण्याआधी आय-20 ची नोंद नव्या विद्यापीठाकडे वेळेत जाईल ना, हे पाहावे लागते. अमेरिकन मुलीला ती काळजी नसते.

शेवटचा प्रश्न व्यावसायिक मार्गाचा. कॉलेजमुळे मार्ग बंद होत नाही, पण लांबतो. डब्ल्यूएनबीएच्या 2025 पर्यंतच्या ड्राफ्टमध्ये अमेरिकन कॉलेजात न गेलेल्या परदेशी खेळाडूला ज्या वर्षी ती 20 वर्षांची होते त्या वर्षी प्रवेश मिळत असे, तर कॉलेजात गेलेलीला 22 व्या वर्षापर्यंत किंवा पदवीपर्यंत थांबावे लागे. फ्रान्सची डॉमिनिक मालोंगा आणि लिथुएनियाची युस्ते योसिते या दोघी ल्योंच्या क्लबकडून खेळत 2025 मध्ये 19 व्या वर्षी अनुक्रमे दुसऱ्या आणि पाचव्या निवडल्या गेल्या. कॉलेजात गेल्या असत्या तर ते शक्य नव्हते. परंतु त्या दोघी सतराव्या वर्षीच युरोपातील मोठ्या महिला स्पर्धेत खेळत होत्या. आपली मुलगी आज कनिष्ठ लीगमध्ये आहे, आणि तिच्यासाठी ही दोन वर्षे गमावण्यासारखी नाहीत, घडण्याची आहेत. तरीही युरोपचा रस्ता हलका समजू नये. लांडसबर्गची लेओनी फीबिश, म्हणजे तुमच्या शेजारचीच मुलगी, कॉलेजला न जाता वासरबुर्ग आणि मग स्पेनमधून वाढली आणि 2024 च्या त्याच लिबर्टी संघात न्यारा साबालीबरोबर विजेती झाली. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पदवी आणि दुखापतीचे संरक्षण मात्र एकाच वाटेवर मिळते, म्हणून माझा कौल आपल्या मुलीसाठी कॉलेजकडे आहे.

राहता राहिली एक गोष्ट, जी तिच्या जर्मन मैत्रिणींना लागू नाही, आणि म्हणून प्रशिक्षिका किंवा क्लब यांच्यापैकी कोणीही आपल्याला सांगणार नाही. मुलीकडे अजून भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा साधा निवास परवाना असेल, तर सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो परवाना सामान्यतः आपोआप संपतो. अमेरिकेतील पहिले सत्र आणि हंगाम मिळून सहज नऊ महिने होतात, आणि ख्रिसमसच्या दोन दिवसांच्या सुटीत संघ सोडून तिला म्यूनिकला येता येईलच असे नाही. परदेशी नागरिकांच्या कचेरीकडून, ज्याला तुम्ही आउसलेंडरबेहोर्डे म्हणता, शिक्षणासाठी जास्त मुदतीची परवानगी निघण्यापूर्वीच लेखी मिळू शकते. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज करण्याचे ठरत असेल तर तोही आधी, ती तेथे राहत असतानाच, पूर्ण व्हायला हवा. त्या कचेरीत भेटीची वेळ मिळायला लागणारे महिने लक्षात घेता, ती वेळ आबिटूरची वाट न पाहता आताच मागून ठेवा.